शुक्रवारचं लागीर

माझ्या धाकट्या जावेला शुक्रवारी भुताचं लागीर होतं, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदा कोण बोललं ते मला कळलं असतं, तर त्या बाईच्या झिंज्या मी भर नळावर उपटल्या असत्या. पण असलं काही कोणी एकटी बोलत नसते. एकीने डोळे मोठे करायचे, दुसरीने तोंडाला पदर लावायचा, तिसरीने आपल्या माहेरच्या कोणाची तरी गोष्ट काढायची. संध्याकाळपर्यंत अर्ध्या भिवंडीला ठाऊक झालेलं असतं.

ही शहात्तर सालची गोष्ट. आम्ही मूळचे वळ गावचे. माझा नवरा चिंधू आणि धाकटा दीर लडकू दोघेही यासीन सेठच्या कारखान्यात मागावर लागले, म्हणून आम्ही कारखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. सासूबाई ठकुबाई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मी गुणाबाई, थोरली. तुळजा धाकटी, काल्हेर गावची.

भिंत एकच होती. पलीकडे माग, अलीकडे आमची चूल. दिवसरात्र खटखट चालायची आणि मांडणीवरच्या वाट्या थरथरत राहायच्या. मला त्या आवाजाची सवय व्हायला वर्ष लागलं. तुळजाला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला. भिंतीला पाठ टेकून ती रहाटावर कांड्या भरायला बसायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची नळी. आवाजाबरोबर तिचा हात चालायचा आणि ती मनाशीच काहीतरी गुणगुणायची.

पोरगी जरा वेगळी होती, हे मलाही दिसत होतं. बोलायची कमी, बोलताना तुमच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची. भात वेगळा, आमटी वेगळी. कोणी भातावर आमटी ओतली की तिचं जेवण संपलं. सासूबाई म्हणायच्या नखरे आहेत. मी म्हणायचे, कामाला कधी नाही म्हणत नाही ना, मग जेवू दे तिला हवं तसं. आमटी काय कोणाच्या बापाची जात होती?

भिवंडीत सुट्टी शुक्रवारची. सेठलोक आणि निम्मे कामगार नमाजाला जातात, माग थांबतात, कारखान्यांना कुलपं लागतात. आणि त्या वर्षी घरोघर देवीच्या शुक्रवारांचं वेड आलं होतं. गूळ-चण्याचा प्रसाद, कहाणी, आरती आणि दिवसभर आंबट वर्ज्य. आमच्या सासूबाई मागे कशा राहतील? त्यांनीही व्रत धरलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना आमच्या खोलीत बोलावलं.

त्या पहिल्याच शुक्रवारी तुळजा थांबली. थांबली हाच शब्द बरोबर आहे. अंगावर नवी नायलॉनची साडी, हातात प्रसादाचं ताट, खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या. कोणी घंटा वाजवतंय, कोणी चणे मागतंय, सासूबाई आतून हाका मारताहेत. तुळजा खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिचं ताट हळूहळू कलंडलं. चणे सगळीकडे घरंगळले. ती वाकली नाही, बोलली नाही. एकीने तिला गदागदा हलवलं, दुसरीने चिमटा काढला. डोळे उघडे, पण उत्तर नाही. मग ती सावकाश चालत भाताच्या कणगीमागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली, ती शनिवारी सकाळी माग सुरू झाल्यावर उठली.

"आंबट खाल्ली असंल चोरून," सासूबाई म्हणाल्या. "देवीनं वाचा नेली."

मग झडती. तुळजाच्या पत्र्याच्या पेटीत आमसुलाची पुडी निघाली आणि सासूबाईंना चोर सापडल्याचा आनंद झाला. आमसूल कोणाच्या घरात नसतं? माझ्या पेटीत होतं, खुद्द सासूबाईंच्या फडताळात बरणीभर होतं. मी ती बरणी आणून त्यांच्यासमोर आदळली. त्या म्हणाल्या, मोठ्यांशी बोलायची ही रीत नाही.

पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. आता बायका देवीच्या दर्शनाला कमी आणि तुळजाचा तमाशा बघायला जास्त यायच्या. एकीने तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. एकीने कानशिलात मारली आणि वर म्हणाली, "मी हिला न्हाय मारत, हिच्यातल्या बाईला मारतेय." मी तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढली. गल्लीत त्यावरही चार दिवस चर्चा झाली.

माझा संशय आधी लडकूवर होता. शुक्रवारी पुरुष घरी असतात. बायको एकाच दिवशी मुकी होते तर नवऱ्याला विचारायला नको? मी त्याला कारखान्याच्या मागे गाठला.

"लडकू, खरं सांग. हात उचलतोस तिच्यावर?"

"न्हाय वयनी. आयशप्पथ न्हाय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी हाक मारली तरी ती बघत न्हाय. मला भ्या वाटतं तिचं."

"तुला भ्या वाटतं? आन तिला काय वाटत असंल ते इचारलंस कधी?"

दीर माझा वाईट नव्हता, पण त्याला कणाच नव्हता.

मग वडपे गावाहून हिरामण भगत आला. त्याने सुपात तांदूळ मांडले, डोळे मिटले आणि सांगितलं की काल्हेरच्या खाडीवरची एक बाई हिच्या मागे लागून आली आहे, ती शुक्रवारची अंगात येते. उद्यापनाच्या शुक्रवारी लाल तापवलेल्या विळ्याचा चटका मानेवर द्यायचा. बाई ओरडली की लागीर सुटलं. नाहीच ओरडली तर पोरीला काल्हेरला बापाकडे टाकून या, नाहीतर घर बुडेल.

मी संतापले. रात्री चिंधूपाशी बोलले, तर त्याने सदरा वर करून पोटावरचे जुने डाग दाखवले. "मला कावीळ झाली व्हती तवा आयनं दिला. लडकूला पन हाय. एक चटका तर हाय, काय मरत न्हाय कोन."

खरंच आहे. आमच्याकडे पोटावर डाग नसलेलं पोर शोधावं लागेल. ज्यांना स्वतःला भाजलंय तेच म्हणतात, त्यात काय एवढं.

उद्यापन तोंडावर आलं, आणि एका मंगळवारी दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले. पुरुष कारखान्यातच होते. आमच्या दारात कासारीण बसलेली, चार शेजारणी बांगड्या भरत होत्या. माग थांबताच सगळ्यांची तोंडं सुटली. वीज कधी येणार, हा हिरवा चुडा केवढ्याला, ते पोर का रडतंय, चूल कोणाची धुमसतेय. तुळजा भिंतीपाशी रहाटावर होती. तिच्या हाताची लय मोडली. अंगठा साडीच्या काठावर घासायला लागला. मी विचारलं, "तुळजा, पाणी देऊ?" ती म्हणाली, "पाणी देऊ." कासारणीने तिचा हात ओढला, "ये ग, तुला पन भरते." तुळजा म्हणाली, "पन भरते," आणि त्यानंतर काहीच म्हणाली नाही. अर्धी भरलेली कांडी हातात तशीच राहिली.

मंगळवार होता. देवीचा नाही आणि खाडीवरच्या बाईचाही नाही.

मी सगळ्यांना हाकललं. कासारणीची टोपली उचलून गल्लीत ठेवली, पोराला त्याच्या आईसकट बाहेर काढलं, दार लावलं. तुळजाला हात लावला नाही. कणगीपुढे जुनं लुगडं आडवं बांधून तिला आडोसा केला आणि आपण गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते मलाच माहीत. पुष्कळ वेळाने वीज आली, माग चालू झाले. त्यानंतरही बराच वेळ गेला. मग लुगड्यामागून तिचा आवाज आला.

"बाय, कोन हाय का बाहेर?"

"कोन न्हाय. मीच हाय."

ती भिंतीला पाठ टेकून बसली. मी घाई केली नाही. काय होतं तुला, एवढा एकच प्रश्न विचारला, मग वाट बघितली.

"लूम चालू असली की बाकीचा काय ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "बंद झाली की सगळा येगयेगळा ऐकू येतो. भांडा, बांगडी, पोर, हाका. सगळा एकदम आत येतो. मग माझा हात माझा ऱ्हात न्हाय."

"पन काल्हेरला तर लूम न्हायत. तिथं कुटं असा व्हायचा?"

तिने विचार केला. "तिथं एका टायमाला एकच मानूस बोलतो."

मला इतका राग आला की डोळे भरून आले. एवढंच होतं. इतके शुक्रवार त्या पोरीला थापडा, धुऱ्या, आमसुलाच्या चोरीचा आळ, आणि तिला एवढंच हवं होतं की एका वेळी एकाने बोलावं.

त्यानंतर मी तिच्याकडे नीट बघायला लागले. नायलॉनची साडी अंगाला टोचते म्हणून ती आधीच अर्धी दमलेली असते. मागून कोणी हाक मारली की तिच्या खांद्याला झटका बसतो. दोघींनी एकदम दोन कामं सांगितली की अंगठा काठावर घासायला लागतो, मग ती समोरच्याचेच शब्द त्याला परत करते, आणि त्यानंतर बंद. अंगठा घासायला लागला तेव्हाच तिला बाजूला नेलं, तर ती बंद पडत नाही. मी दोनदा नेऊन बघितलं. यात भूत कुठे होतं? डोळे होते त्याला दिसलं असतं, पण आमच्या घरात डोळे फक्त आमसूल शोधायला होते.

मी रीतसर सासूबाईंना सांगितलं. त्या आधी हसल्या.

"लूम बंद पडली म्हनून मानूस बंद पडतो काय ग? तुझा नवरा लूमवरच हाय, तो पडतो का बंद?"

"आत्याबाई, मंगळवारी झाला. शुक्रवार नव्हता."

"मंग ती बाई आता मंगळवारी पन याया लागली. चटका लवकर द्याया पायजे."

भिंतीवर डोकं आपटावं असं झालं. मी म्हटलं, निदान उद्यापनाच्या दिवशी तिला वळला शेतावर राहू दे. त्या म्हणाल्या, उद्यापनाला दोन्ही सुना घरात लागतात. मग मी लडकूला सांगितलं की गुरुवारी संध्याकाळीच तिला घेऊन वळला जा. तो हो म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी आईने नुसतं बघितलं त्याच्याकडे, आणि हा पायातल्या चपला काढून परत आत येऊन बसला.

शुक्रवारी सकाळी पलीकडचे माग थांबले. मी तुळजाचा हात धरून निघाले तर सासूबाई उंबऱ्यावर पाट टाकून बसल्या. म्हणाल्या, "मला तुडवून जायाचं असंल तर जा." चिंधू मध्ये पडला आणि मला मागे ओढून घेतलं.

दुपारी बायका जमल्या. मी प्रत्येकीला सांगत होते, एकेकीने बोला ग, घंटा जरा हळू वाजवा. त्या हसत होत्या. एकीने तुळजाचा पदर नीट करायला घेतला, दुसरीने तिच्या हातात जबरदस्तीने चुडा चढवला, सासूबाई आतून पाट मागत होत्या, कोणी धूप घातला होता. तुळजाचा अंगठा काठावर घासायला लागला. मी तिच्याकडे जायला निघाले, पण मध्ये इतक्या बायका की पोचेपर्यंत ती थांबली होती.

हिरामणने विळा चुलीत घातला. आणि इतका वेळ ज्यांची तोंडं बंद होत नव्हती, त्या सगळ्या चटका बघायला मिळणार म्हणून चिडीचूप झाल्या. म्हणजे यांना गप्प बसता येत होतं. हे जर आधी केलं असतं, तर विळ्याची गरजच नव्हती.

लडकूने तिचे खांदे धरले. मी पुढे झाले, तर चिंधूने मला धरून ठेवलं. भगताने तिचा अंबाडा बाजूला केला.

"बोल, कोन हायस तू? कुठनं आलीस?"

तुळजा कशी बोलणार? तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत विळा लाल दिसत होता. तिला सगळं दिसत होतं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. भगताने विळा उचलला. मी चिंधूच्या हातातून सुटले आणि तिच्या मानेवर माझा हात आडवा घातला.

चटका कसा असतो ते मी सांगणार नाही. ओरडले मात्र अशी की गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल. आणि एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. भगताच्या सात पिढ्या काढल्या. लडकूला नामर्द म्हटलं. कोणत्या बाईने कोणाची कोंबडी चोरून खाल्ली, कोणाची सून का पळाली, सगळं नावानिशी काढलं. शेवटी सासूबाईंकडे वळले आणि म्हटलं, "तू, म्हातारे, तू देवीच्या नावानं माणसं भाजतेस."

हिरामण दोन पावलं मागे सरला. मग त्याने धंदा सांभाळला.

"गेली," तो म्हणाला. "हिला सोडली आन थोरलीला धरली. ऐका, तीच बोलतेय."

बायका अशा पळाल्या की दारात चपलांचा ढीग राहिला. मी तोंड उघडलं. सांगणार होते की अरे मुडद्या, कोणी धरलं नाही मला, मी गुणाबाईच आहे, इतके दिवस हेच बोलतेय. तेवढ्यात माझ्यासमोर सासूबाई गुडघ्यांवर बसल्या. हात जोडलेले.

"आये, चूक झाली. तुला काय पायजे ते सांग. देतो आमी."

गुणाबाईला या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे. माझा हात जळत होता. तुळजा अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग मी आवाज जाड केला.

"शुक्रवारी या दोघी सुना या घरात दिसाया नको. गुरुवारी सांजच्याला वळच्या शेतावर धाडा."

"धाडतो, आये."

"हिच्या अंगाला कोनी हात लावायचा न्हाय. हिच्याशी एका टायमाला एकानंच बोलायचा. समोरनं बोलायचा, पाठनं न्हाय. नायलॉनची साडी जाळून टाका."

"व्हय आये."

"आन भातावर आमटी ओतायची न्हाय."

सासूबाईंनी वर बघितलं. देवाधर्माच्या कामात आमटी कुठून आली असं वाटलं असेल त्यांना. पण विचारायची छाती नव्हती. "न्हाय ओतनार," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी माग सुरू झाले. तुळजा कणगीमागून उठून आली, कोरफडीचं पान चिरलं आणि माझ्या हातावर गर लावायला बसली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"बाय, मला सगळा दिसत व्हता," ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली. "इळा पन. उठायाचा व्हता. उठता येत नव्हता."

"मला ठाव हाय."

तिने पुन्हा गर लावला. मग भिंतीला पाठ टेकून रहाट पुढे ओढला.

आता दर गुरुवारी संध्याकाळी लडकू स्वतः आम्हाला वळला सोडायला येतो. पुढे चालतो, मागे वळून हाक मारत नाही. शुक्रवारी आम्ही शेताच्या बांधावर बसतो. तुळजा दोन वाक्यं बोलते, मी ऐकते. मग मी बोलते, ती ऐकते. त्यानंतर ती एकाही शुक्रवारी बंद पडली नाही. गल्लीत सगळे म्हणतात, भगताने काय उतारा केला बघा. नळावर माझ्यासाठी बायका बाजूला सरतात, मला पहिला हंडा मिळतो.

याचा मला आनंद होत नाही, संताप होतो. शुद्धीवर असताना मी जे सांगितलं ते कोणी कानावर घेतलं नाही. तेच भुताने सांगितल्यावर घरात कायदा झाला. तुळजा म्हणते, जाऊ द्या बाय. मला जाऊ देता येत नाही. माझ्या हातावर विळ्याची चंद्रकोर उठली आहे. धुणं धुताना ती रोज दिसते.

गुरुवारी घरातून निघताना सासूबाई माझ्या पाया पडतात. आधी आजूबाजूला बघतात, मग वाकतात. सासूने सुनेच्या पाया पडणं आमच्यात पाप मानतात. मी पाय मागे घेत नाही.